लाल फाकेतली तीन मिनिटं

१

दर शनिवारी सकाळची कॉफी झाली की मी समुद्राकडच्या खोलीत जाऊन घड्याळांना चावी देतो. भिंतीवर, कपाटात, खिडकीच्या कट्ट्यावर मिळून ती इतकी झाली आहेत की मार्केला, माझी बायको, त्या खोलीला आगार म्हणते. मी जन्मभर बेटावरच्या बस दुरुस्त केल्या, म्हणून आगार. घरात टांगायचं घड्याळ माझ्याकडे एकही नाही. सगळी चालत्या वस्तूंमधली: इटालियन मोटारींच्या डॅशबोर्डातली, एक रणगाड्यातलं, एक रशियन विमानातलं, आणि बोटींवरची जाड काचेची पितळी. हादरे सोसायला बनवलेली ही घड्याळं निवांत भिंतीवर लावली की आधी रुसतात, मागे-पुढे होतात, मग सरावतात.

माझंही तसंच झालं होतं. आमच्याकडे घर मुलीला मिळतं आणि नवरा त्यात राहायला येतो. हे घर मार्केलाच्या वडिलांचं, कॅप्टनचं. आमच्या या गावात, कार्दामिलात, पुरुष दोन प्रकारचे, बोटीवर असलेले आणि बोटीवरून परत आलेले. मी तिसरा. मला धक्क्यावर उभं राहूनही मळमळतं. सासऱ्यांनी मरेपर्यंत मला माफ केलं नसावं.

तरी घड्याळांसाठी मी वर्षातून एकदा-दोनदा नाकाला लिंबू लावून फेरीबोटीने समोरच्या तुर्की किनाऱ्यावर जातो. तिथे जुन्या बोटी तोडतात, आणि रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून त्यांच्या पोटातलं सगळं विकायला असतं. बशा, बाकं, भोंगे, होकायंत्रं. या खेपेला तिथूनच मी ते घड्याळ आणलं. पितळी, पांढऱ्या तबकडीचं, आणि तबकडीवर समोरासमोर दोन बारीक लाल फाका रंगवलेल्या. कलिंगडाच्या असाव्यात तशा.

"अजून एक?" मार्केला म्हणाली. "वेळ काय निरनिराळ्या चवीची असते का रे?"

"हे रेडिओच्या खोलीतलं आहे."

"मग गाणी तरी म्हणतं का?"

ती अशी. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू होतं ते रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत. आम्हाला मूलबाळ नाही. घरात माणसाचा आवाज म्हणून जो आहे तो तिचा. तो कानावर नसेल तर मला साधा स्क्रूही नीट पिळता येत नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण ती बडबड म्हणजेच माझं घर आहे.

२

लिनार्डोस दुपारची झोप उरकून आमच्याकडे कॉफीला येतो. तो बोटीवर रेडिओवाला होता. आमच्याकडे रेडिओवाल्याला मार्कोनी म्हणतात, आणि तो घरी बसला तरी ते नाव त्याला चिकटून राहिलं. त्या दिवशी तो खोलीत आला, घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढायची विसरला.

"हे कुठून उचललंस?"

"समोरून. का?"

"या लाल फाका कशाला आहेत ते माहीत आहे?"

"शोभेला."

"शोभेला म्हणे. मेकॅनिका, तुला बसची घंटा तेवढी कळते." मग तो बसला. "तासातून दोनदा मिनिटकाटा लाल फाकेत शिरतो. सव्वाला आणि पाऊणला. शिरला की सगळ्या बोटींनी गप्प व्हायचं. तीन मिनिटं कोणी बटणाला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. बुडणाऱ्याचा आवाज बारीक असतो. बाकीचे बडबडत राहिले तर तो येणार कुठून ऐकू?"

"आणि आला ऐकू तर?" मार्केलाने विचारलं.

"ऐकलं त्यानं उत्तर द्यायचं, पोरी. मग काही होवो."

आता बोटींवर सगळं उपग्रहावरून चालतं. गप्प बसायची गरज उरली नाही, आणि लिनार्डोसचीही. पण सवय गेली नाही. पत्त्यांचा डाव रंगात आलेला असला तरी वेळ झाली की तो एक बोट वर करून गप्प होतो. तेवढ्यात बाकीचे त्याचे पत्ते बघून घेतात.

त्या दिवशीही कॉफी पिताना काटा लाल फाकेत गेला. लिनार्डोसने बोट वर केलं. आम्ही दोघं हसू दाबत गप्प राहिलो. तीन मिनिटांनी बोट खाली आलं, पण कॉफी न संपवताच तो उठला.

"काय झालं बार्बा?" मार्केला म्हणाली. ती त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणते. "साखर कमी पडली का?"

"छान झाली होती," तो म्हणाला. कप अर्धा भरलेला होता.

३

दुपारी आमचं गाव गाढ झोपतं. त्या वेळेत कोणी हातोडा मारला तर शेजारी पोलिसांना बोलावतात. मला झोप येत नाही. मी आगारात बसून काहीतरी उघडतो, पुसतो, परत लावतो. मार्केलाही झोपत नाही. ती स्वयंपाकघरात इस्त्री करत दारातून बोलत असते.

लिनार्डोस येऊन गेल्यानंतरच्या दुपारी ती डॉक्टरच्या बायकोबद्दल सांगत होती. "संत्र्याचा मुरंबा केला तिनं. मला बरणी दिली. आणि त्यात—"

तिथे ती थांबली. मला वाटलं इस्त्री चिकटली. मग लक्षात आलं की टिकटिकही थांबली आहे. आगारात एकाच वेळी इतकी घड्याळं चालतात की तो आवाज मला एरवी जाणवतच नाही. आता नव्हता म्हणून जाणवला. मी मान वर केली. काटे फिरत होते. रणगाड्यातल्या घड्याळाचा सेकंदकाटा तुरुतुरु पळत होता. खिडकीबाहेर लाटा दगडांवर फुटत होत्या, त्यांचाही आवाज येत नव्हता.

वय झालं, कान गेले, असं मनाशी म्हणत मी चुटकी वाजवली. ती मला स्वच्छ ऐकू आली. पकड टेबलावर टाकली, तिचाही आवाज आला. म्हणजे माझे कान शाबूत होते. बाकीचं सगळं गप्प होतं.

"—त्यात साखर इतकी की दात गळून पडतील," मार्केला म्हणाली. टिकटिक सुरू झाली, लाटा सुरू झाल्या. मी त्या नव्या घड्याळाकडे पाहिलं. काटा लाल फाकेतून नुकताच बाहेर पडला होता.

"मधे का थांबलीस?" मी ओरडून विचारलं.

"कधी? मी थांबले तर तू पेढे वाटशील."

४

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसलो. ती मासे साफ करत होती. सव्वा वाजला आणि वाक्य तुटलं. हातात सुरी, सुरीवर खवले. तिचा श्वास चालू होता, पापण्या लवत होत्या. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मान किंचित वाकडी करून ती आगाराच्या दाराकडे कान देऊन होती.

मी हाक मारली. हाताला हात लावला. हात नेहमीसारखा उबदार होता. मग तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण ती काहीतरी बोलत होती आणि मधे थांबत होती. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तशी.

"काय टक लावून बघतोयस?" तिचा आवाज परत आला. "मासा कधी पाहिला नाहीस?"

त्यानंतर मी रोज पाहिलं. तासातून दोनदा. आणि रोज ती एखादं पाऊल त्या दाराच्या दिशेला सरकलेली असे. ओट्यापासून टेबलाशी, टेबलापासून खुर्चीशी. नंतर तिला विचारावं तर म्हणे, मी होते तिथेच आहे. मेंदूचा काही आजार असेल, असे झटके येतात म्हणतात, असं मी स्वतःला बजावलं. पण आजाराला घड्याळ कसं कळतं?

मी तिला शहरात डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब कमी आहे का ते बघू, एवढंच तिला सांगितलं. डॉक्टरने तिला तपासलं, ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मधेमधे गप्प बसणं हा बायकांचा आजार असता तर गावातल्या निम्म्या नवऱ्यांनी तो विकत घेतला असता."

मार्केला हसली नाही. ती त्याच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी बोलली. मग डॉक्टरने टॉर्च काढला आणि उजेड माझ्या डोळ्यांत पाडला. आज वार कोणता, महिना कोणता, मलाच विचारू लागला. परत येताना बसमध्ये तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. कोण कुणाला सांभाळून नेतंय हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

५

शेवटी मी लिनार्डोसकडे गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"काल मार्केला आली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "रडत होती. म्हणाली, बार्बा, मिकेस मधेच गप्प होतो. डोळे उघडे असतात, पण आत माणूस नसतो."

"मी? अरे, ती गप्प होते."

"ऐक. ती म्हणते, तू तिच्यासमोर बसलेला असतोस, आणि तुझी हाक त्या खोलीतून येते. मार्केला, इकडे ये, मला काढ इथून. असं."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"मला आलं," लिनार्डोस म्हणाला. "त्या दिवशी कॉफी पिताना. हाक नाही. बटण दाबून धरल्याचा लांब, एकसुरी आवाज. बुडणारा माणूस थकला, अक्षरं पाठवायला बोटं चालेनाशी झाली, की तो नुसतं बटण दाबून धरतो. म्हणजे ऐकणाऱ्याला दिशा लागते. मग त्या दिशेनं जायचं."

"मग तू तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार होतो? भिंतीत कोणी बुडतंय म्हणून?" त्याने चष्मा काढून पुसला. "जन्मभर मी कुणाचीही हाक टाळली नाही, मिकेस. पण या हाकेला उत्तर नको. मी मार्केलालाही तेच सांगितलं. तर म्हणाली, बार्बा, मी कधीच दिलंय. नवऱ्याची हाक होती, नाही कशी देऊ?"

मी घड्याळ घेऊन जा म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली. मी उठलो आणि घराकडे जवळजवळ पळत निघालो. ते घड्याळ बंद करायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

६

मी आलो तेव्हा गाव झोपलेलं होतं. दार ढकललं तर घरात इस्त्रीचा वास होता आणि आवाज कसलाच नव्हता. लाटांचा नाही, टिकटिकीचा नाही. मार्केला आगाराच्या उंबरठ्यावर उभी होती. एक पाय आत टाकायला उचललेला. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाई होती.

मी तिच्या बाजूने आत घुसलो आणि घड्याळाची काच उघडली. मी मेकॅनिक आहे. गाडी कड्याकडे निघाली की आधी ब्रेक, विचार नंतर. तबकडी उचलून आतल्या डुलत्या चाकाला मी कागदाचा कपटा लावला. चाक थांबलं. काटा लाल फाकेत होता. तो बाहेर येईपर्यंत थांबावं हे मला सुचलंच नाही.

मार्केलाचा पाय आत टेकला आणि ती तशीच उभी राहिली. मी वाट पाहिली. बाकी घड्याळांचे काटे फिरत होते. रणगाड्यातल्या घड्याळाचा मिनिटकाटा पाऊणच्या खुणेवरून गेला, पुढचा तास लागला. चटईवरचा उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला. घरात आवाज आला नाही. मार्केला कान देऊन उभी, वाक्य ओठांवर तसंच, आणि डोळे माझ्या खांद्यापलीकडे. मी वळून पाहिलं. तिथे कपाट होतं.

मी बोटाने काटा पुढे ढकलून फाकेबाहेर काढला. काही झालं नाही. परत होता तिथे आणला. तेव्हा मला माझी चूक कळली. गप्प बसायची वेळ मीच मधे अडवून ठेवली होती. ती सुटायची तर घड्याळ चालू करायला हवं, आणि चालू केलं तर उरलेली दोन मिनिटं चालणार. तिला आता दोन पावलंच टाकायची होती. नाही चालू केलं तर ती माझ्याजवळ राहील, धडधाकट, उबदार, पण एक शब्दही न बोलता.

मी तिचं नाव घेतलं. किती वेळा घेतलं माहीत नाही. मग मी रडलो, आणि रडताना फक्त मीच मला ऐकू येत होतो. तिला असं उभं ठेवून मला जगता येणार नव्हतं. घड्याळाकडे पाठ करून मी तिच्या आणि कपाटाच्या मधे हात पसरून उभा राहिलो, आणि एक हात मागे नेऊन कपटा काढला.

ती निघाली. सरळ माझ्या दिशेने. मी तिला मिठीत धरायला वाकलो, आणि माझ्या हातांत काहीच आलं नाही. ती माझ्या मागे होती. मी वळलो तेव्हा तिने कुणाचा तरी हात धरला होता आणि ती त्याला ओढत होती. चिखलातून माणूस ओढतात तशी, सगळं बळ लावून. तो सुटून आला. दोघं माझ्या अंगावरून दाराकडे गेली. मला त्याची पाठ तेवढी दिसली. खाकी स्वेटर, खांदे थोडे वाकलेले, मानेवर पांढरे केस. त्या वेळी मीही खाकी स्वेटरच घातला होता.

मग एकदम सगळी घड्याळं टिकटिकायला लागली.

७

"—आणि तो इस्त्री दुरुस्त करणारा म्हणतो की वायर जळाली," मार्केला स्वयंपाकघरात म्हणाली.

"बघतो मी," असं कोणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

मी ओरडलो. मी उंबरठ्यापर्यंत गेलो. पाय उचलला की उंबरठा तेवढाच पुढे राहतो, हे कसं ते मला सांगता येत नाही. तिथून टेबल दिसतं, इस्त्री दिसते, मार्केलाचा चेहरा दिसतो. ती खुशीत होती. इतक्या दिवसांची काळजी उतरलेली मला इथून दिसत होती.

"बरं वाटतंय ना तुला आता?" तिने त्याला विचारलं. "कुठे जात होतास रे मधेमधे?"

"कुठे नाही. इथेच होतो."

मी तिच्या नावाने घसा फोडला. ती त्याला मुरंबा वाढत होती. माझं डोकं ठिकाणावर आहे का, की स्वयंपाकघरात बसलेला मीच खरा आणि हा जो ओरडतोय तो दुसराच कोणी, हेही मला नीट ठरवता येईना. मला माझं नाव आठवत होतं, पहिल्या बसचा नंबर आठवत होता. पण तसं त्यालाही आठवत असेल.

मग मला लिनार्डोस आठवला. आता सगळे बोलत होते, म्हणून माझा आवाज बुडत होता. वेळ झाली की सगळे गप्प होतील.

लिनार्डोस आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातच थबकून त्याने त्या दोघांकडे पाहिलं.

"बार्बा, या," मार्केला म्हणाली. "घड्याळाचं काही नव्हतं. याला जरा अशक्तपणा होता. बघा, रंग कसा परत आलाय."

"हो," तो म्हणाला. "रंग आहे."

तो बसला. कॉफी आली. ते पत्ते खेळले आणि माझ्या आवाजातल्या माणसाने मी करतो तीच लबाडी केली. लिनार्डोस त्याच्या हाताकडे बघत होता. मी काट्याकडे बघत होतो. काटा फाकेला टेकला आणि टिकटिक गेली, लाटा गेल्या. मार्केला हातात पत्ता धरून थांबली. तोही थांबला. लिनार्डोसने बोट वर केलं.

मी हाक मारली. "लिनार्डोस, मी आहे. मी इथे आत आहे. तिला सांग."

त्याने मान वळवली. सरळ माझ्याकडे, जिथे मी उभा होतो त्याच जागी. मी परत परत हाक मारत राहिलो, एकच शब्द, त्याला दिशा लागावी म्हणून. तो अर्धा उठला. मग त्याने मार्केलाकडे पाहिलं, बराच वेळ. त्या थांबलेल्या चेहऱ्यावरही हसू तसंच होतं. तो परत खाली बसला आणि त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"बार्बा, तुमची पाळी," मार्केलाचा आवाज आला. "आणि डोळ्यांत पाणी कसलं?"

"काही नाही, पोरी. वारा आहे."

तो डाव त्याने हरला. जाताना तो आगारापाशी थांबला, आत न बघता त्याने खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.